प्रीप्रोसेसिंग म्हणजे नुसती शब्दांची अदलाबदल नव्हे

प्रीप्रोसेसिंगवरच्या (म्हणजे प्रोग्रामचा कोड कंपाइल होण्याआधी त्यावर होणाऱ्या प्रक्रियेवरच्या) तुमच्या लेखातलं ‘प्रीप्रोसेसिंग म्हणजे मजकुरात शोधा आणि बदला, भाषा कुठलीही असो’ हे विधान अजिबात पटलं नाही. सी भाषेत ‘क * ख;’ ही ओळ घ्या. ‘क’ हे टाइपडेफने (डेटाच्या प्रकाराला नवं नाव देणाऱ्या सूचनेने) ठरवलेलं नाव असेल तर ही ‘ख’ या पॉइंटरची (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलाची) घोषणा, नाहीतर साधा गुणाकार! म्हणजे अशी नावं ज्यांत ठरवलेली असतात त्या हेडर फाइल्स उलगडल्याशिवाय ओळीचा अर्थच लागत नाही. त्यात सीचा प्रीप्रोसेसर फक्त टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) बघतो, व्याकरण नाही. म्हणूनच संख्येचा वर्ग काढणाऱ्या मॅक्रोत (जिथे वापरू तिथे ठरलेला कोड भरणाऱ्या नावात) कंस घालायचे राहून गेले की १+२ चा वर्ग ९ ऐवजी ५ येतो. याउलट लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत कोड मुळातच याद्यांच्या रूपात असल्याने मॅक्रोला रचना आयती मिळते. टाइपडेफचं उदाहरण लेखात जरूर घाला, नवशिक्यांना त्याची फार गरज आहे.