म्हैस विका, दोन सड बांधून

भाऊ, कापसात काही राहिलं नाही म्हणून रडत बसू नका. धंदा शिकायचा तर कॉम्प्युटर कंपन्यांकडून शिका.

पोरीचा अमरावतीला इंजिनीअरिंगला नंबर लागला असेल, तर लॅपटॉप घ्यायला सोबत जा. दुकानाच्या फ्लेक्सवर हातभर आकड्यात किंमत असते अन् तिच्या शेपटाला मुंगीएवढं 'पासून' असतं. सगळी कमाई त्या मुंगीत. फ्लेक्सवरचं मशीन तुम्हाला पायरी चढवण्यापुरतं. आत गेलात की काउंटरवरचं पोरगं म्हणतं, "काका, कोडिंगले एवढी रॅम नाई पुरत."

मग वाढवा. ॲपलच्या २०२५च्या मॅकबुक एअर लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, १६ जीबीची २४ करायला भारतात २०,००० रुपये लागायचे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे आठ जीबीला जवळपास अडीच क्विंटल कापूस. तो वेचताना बोटांना किती बोंडं टोचतात हे तुम्हाला मी काय सांगू!

"बाहेरून टाकून घेऊ ना," असं म्हणून पाहा. जमत नाही. ॲपलनं २००८च्या पहिल्या मॅकबुक एअरपासूनच रॅम बोर्डाला सोल्डर केली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवली. खोटं कशाला बोलू, त्यानं मशीन पातळ होतं, नव्या मशीनमध्ये बॅटरीही वाचते. शेजारच्या गल्लीतला स्वस्त रॅमवाला मात्र त्याच झटक्यात बाद होतो.

गिऱ्हाइकाच्या खिशात किती आहे हे तोंडावर विचारता येत नाही. म्हणून कंपनी नुसत्या पायऱ्या मांडते. ज्याची ऐपत किंवा ज्याची नड, तो आपल्या पायानं वर चढतो. खालच्या पायरीवर थांबला तोही गिऱ्हाईकच.

ॲपलच्या २०१९च्या मॅक प्रो कॉम्प्युटरला चार चाकं हवी असली, तर घेतानाच सांगायचं, ४०० डॉलर. मागून आठवण झाली तर संच ६९९ डॉलरला पडायचा. अन् आपण येडे, बंडी विकतो ती चाकांसकट!

पण खरे गुरू इंटेल. २०१०मध्ये त्यांनी पेंटियम जी६९५१ नावाची चिप काढली. ताकद आत तयारच होती, पण तिला कुलूप. सुमारे ५० डॉलरचं कार्ड आणा, त्यावरचा कोड टाका, कुलूप उघडतं. लोकांनी बोंब मारली अन् २०११मध्ये योजना गुंडाळावी लागली. तुमच्या गावात बोंब मारायला कोण बसलंय? पुढच्या बाजारात म्हैस न्या, दोन सड बांधून. सोडायचा कोड वेगळ्या पैशात. शेपूट? ते प्रो मॉडेलला.

म्हशीत हात बसला की कापसाकडे वळा. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की टक्क्यामागे भाव कापतात अन् १२च्या वर गाडीच परत. तुम्ही घाबरू नका. ग्रेडरनं मीटर खुपसून "अकरा" म्हटलं की छाती काढून सांगा, "साहेब, आठ टक्के बेस मॉडेलमध्ये. वरचे तीन अपग्रेड हायेत, त्याचे पैसे येगळे."

तो तुमच्याकडे पाहील, मग मीटरकडे पाहील, मग मागच्याला हाक मारील, "चाल रे, तुही गाडी घे समोर."