भांडुपचं पाणी

"तुझ्या माशांना भांडुपचं पाणी चालत नाही म्हणे."

काल संध्याकाळी भरल्या लिफ्टमध्ये हे वाक्य माझ्या अंगावर आलं. तळमजल्यापासून वर जाईपर्यंत लिफ्टमधल्या प्रत्येकाने मला एकदा नीट बघून घेतलं. एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं. वाक्य टाकणारे चौथ्या मजल्यावरचे काका शांतपणे आपल्या मजल्यावर उतरले आणि दार लागता लागता म्हणाले, "माणसं पितात हो ते. माणसं."

पूर्वपीठिका पटकन उरकतो. एके काळी मला खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा नाद होता. मग मुलगी झाली आणि टाकीच्या जागी पाळणा आला, पाळण्याच्या जागी अभ्यासाचं टेबल आलं. आता मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि भिंतीची ती बाजू मोकळी झाली. बायकोच्या मनात तिथे शिलाई मशीन होतं. माझ्या मनात समुद्र होता, दोनशे लिटरचा. वाद झाला. तो इथे सांगत नाही.

मधल्या वर्षांत हा छंद मला न विचारता पुढे निघून गेला होता. आमच्या काळी प्रवाळाच्या टाकीवर मेटल हॅलाइडचा दिवा टांगायचे. तो पाणी इतकं तापवायचा की थंड करायला चिलर लागायचा, आणि चिलर जी गरम हवा सोडायचा ती सोसायला आम्हाला एसी. दुकानात जाऊन मी दीडशे वॅटचा मेटल हॅलाइड मागितला, तर काउंटरवरच्या पोराने आतून आणखी एका पोराला बोलावलं. मदतीला नाही, मला बघायला. "अंकल, वो तो कब का बंद हो गया." आता एलईडी. ते मोबाइलवरून चालतात. त्यात सूर्योदय होतो, ढग येतात, हवी असेल तर वीजही चमकते. मला वीज चमकायला नको होती, मला बटण हवं होतं. बटण येत नाही. ॲप उतरवून घ्या, त्यात खातं उघडा, ईमेलवर आलेला कोड टाका, मग उजाडेल.

पण काकांचा संबंध दिव्याशी नाही, पाण्याशी आहे.

प्रवाळाच्या टाकीत नळाचं पाणी थेट घालत नाहीत. त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो, फॉस्फेट आणि नायट्रेटवर शेवाळ माजतं, आणि इमारतीच्या नळजोडणीतून तांबं उतरलं असेल तर कोळंब्या आणि गोगलगायी सगळ्यात आधी जातात. म्हणून आरओ, आणि त्याच्या पुढे डीआय नावाची, उरलेसुरले क्षार धरून ठेवणारी रेझिनची नळी. त्यातून पाणी निघालं की टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दिसलं पाहिजे. मग त्या शून्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ घालायचं आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.025 वर आणायची. हे मी एका दमात सांगितलं, कारण काकांना सांगायला मला दुपार लागली होती.

आरओ बसवणारा मुलगा आला त्या दिवशी त्याच्यामागोमाग काकाही घरात आले. काकांचं सगळं आयुष्य महापालिकेच्या पाणीखात्यात गेलं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव ते एका श्वासात म्हणतात: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. मध्ये थांबवलं तर पुन्हा विहारपासून सुरू करतात.

"आपल्या नळाचा टीडीएस किती?" त्यांनी त्या मुलाला विचारलं.

"सत्तर-पंच्याहत्तर, सर."

"ऐकलंस?" हे मला. "सत्तर! लोक विकत घेतात त्या बाटलीत यापेक्षा जास्त असतो. 1860 साली विहार बांधला, 1892 ला तानसा. तेव्हापासून ही मुंबई पाणी पितेय. आणि भांडुपचं शुद्धीकरण केंद्र म्हणजे आशियात मोठं. तुझ्या माशांना ते चालत नाही?"

"काका, माणसांना उत्तमच आहे. माशांना क्लोरीन..."

"क्लोरीन आम्ही घालतो!"

यावर काय बोलणार? मुलगा ड्रिल हातात धरून खाली बघत होता. काका उठले, घरी गेले, आणि मी 'गेले एकदाचे' म्हणेपर्यंत एक पेटी घेऊन परत आले. पेटीत क्लोरोस्कोप, पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायचं साधन. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात. काकांकडे क्लोरोस्कोप आहे. तो त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलाय हे मी न विचारता त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. क्लोरीन असला की याने पाणी पिवळं होतं. झालं. नातवाने पहिलं पाऊल टाकल्यासारखा आनंद काकांच्या चेहऱ्यावर पसरला. "लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या वर," ते म्हणाले. "शेवटच्या नळाला 0.2 मिळायलाच पाहिजे. मिळतंय." मग त्यांनी माझ्या मशीनमधून आलेलं पहिलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले. नळी खिडकीकडे धरली, पाठीमागे पांढरा कागद धरला, चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. पाणी ढिम्म पांढरं.

"शून्य," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"शून्यच हवाय, काका."

"हे पाणी मी पास करणार नाही."

पास करायला कोणी सांगितलंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "कुठल्या पाण्याचा?" काकांनी कपाला हात लावण्याआधी विचारलं. "नळाच्या," ती म्हणाली. मग त्यांनी कप घेतला. माझ्याकडे न बघता दोघांनी चहा प्यायला. आरओवाला मुलगा जाताना मला हळूच म्हणाला, "सर, शून्य टीडीएस तब्येतीला बरा नाही. मिनरलची कार्ट्रिज फुकट लावून देतो." त्याने तोवर सगळं ऐकलं होतं.

तरीही हे मिटलं असतं. पण काकांची नजर मिठाच्या बादलीवर गेली.

"हे काय?"

"मीठ. समुद्राचं पाणी बनवायला."

"म्हणजे आधी पाण्यातलं सगळं काढायचं, आणि मग परत घालायचं?"

"हो."

"मग काढलं कशाला?"

मी सांगायला लागलो की हे साधं मीठ नाही. यात लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम भरतं, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास, अल्कलिनिटी वेगळी. काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि बादलीवरचं लेबल वाचलं. "जर्मनी," ते म्हणाले. मग जरा वेळ कोणीच बोललं नाही. "मीठ. जर्मनीहून. मुलुंडात." त्यांनी पूर्वेकडे बोट केलं, जिकडे मिठागरं आहेत. "1930 साली शिरोड्याला लोकांनी डोकी फोडून घेतली मिठासाठी."

मी म्हटलं, काका, सत्याग्रह खायच्या मिठासाठी होता. हे त्यांना आवडलं नाही.

"मग सरळ समुद्राचं पाणी आण ना. ऐरोलीची खाडी काय लांब आहे? दोन कॅन भरले की झालं."

"खाडीत काय काय सोडतात, काका!"

"ते मला सांगतोस? त्यात काय काय जातं ते मला विचार. मी तुला नाल्यांची नावं सांगतो." आणि काकांनी खरोखर दोन नाल्यांची नावं सांगितली. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण माझ्या बाजूने बोलतोय. "पण ते मलनिस्सारण," ते गडबडीने म्हणाले. "ते खातं वेगळं."

यानंतर टाकी भरली. भरलेल्या टाकीत कित्येक आठवडे काहीच नसतं, हे पाहुण्यांना समजावणं हा स्वतंत्र छळ आहे. कोरडा खडक आणि वाळू टाकायची आणि जिवाणूंची वाट बघायची. एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोघं दिसत नाहीत. ते कामाला लागावेत म्हणून आधी अमोनिया द्यावा लागतो. आता त्याच्या बाटल्या मिळतात, पण मी जुन्या वळणाचा: बाजारातून एक टपोरी कोळंबी आणली आणि टाकीत सडायला टाकली. बायकोने कोळंबीचा भाव विचारला. मी सांगितला. ती उठून आत गेली.

येणारे जाणारे काचेला नाक लावून विचारतात, मासे कुठेत? नाहीत. मग हे काय पोहतंय? ती कोळंबी आहे आणि ती पोहत नाहीये. एका आत्याबाईंनी तर प्रवाळ हा शब्द ऐकून माझा हातच धरला. नातीला मंगळ आहे, टाकीत पोवळं वाढलं की एक अंगठीपुरतं दे म्हणाल्या. अंगठीतलं पोवळं खोल, गार पाण्यातलं, माझ्या टाकीत ते वाढणार नाही, असं सांगितलं तर त्यांनी मला कंजूस ठरवलं. मेहुण्याने मालवणहून फोन केला की स्नॉर्केलिंगला आलोय, खाली पुष्कळ आहे, एक तुकडा आणू का? अरे बाबा, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तीन ते सात वर्षं आत. "एका तुकड्याला?" मेहुणा म्हणाला. एका तुकड्याला. माझा बेत हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशच्या जोडीचा आणि रीतसर बिलासकट मिळेल तेवढ्या मऊ प्रवाळाचा आहे. पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही. सगळ्यांना तुकडा हवाय नाहीतर तुरुंग.

आणि या काळात काका रोज आमच्याकडेच. आरओचं मशीन चार लिटर पाणी घेतं तेव्हा एक लिटर शुद्ध देतं आणि तीन बाहेर टाकतं. ही गोष्ट त्यांना बादली आणि मनगटी घड्याळ घेऊन स्वतः मोजायची होती. मोजली. ते तीन लिटर आम्ही लादी पुसायला आणि फ्लशला वापरतो, हे मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

आता खरं बोलतो. खाली रोज सकाळी गाड्या धुतात. बादलीने नाही, पाइपने. आणि पाइप लावून तो पोरगा दुसरी गाडी पुसायला जातो तेव्हा पाणी सरळ गेटबाहेर वाहतं. वरची टाकी भरून वाहू लागली की वॉचमनला उठवायला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ओरडतात, कारण दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. त्याची नोटीस मी आजवर पाहिलेली नाही. माझ्या टाकीला रोज बाष्पीभवनापुरतं थोडंसं पाणी लागतं. पण गाडी सगळ्यांकडे आहे आणि मत्स्यालय माझ्या एकट्याकडे, त्यामुळे नासाडी कोण करतो हे बहुमताने ठरलेलं आहे.

आज सकाळी सोसायटीच्या बोर्डावर नोटिशीचा कागद लागला. 'काही सभासद' असं मोघम लिहून कंसात फक्त माझ्या फ्लॅटचा नंबर. पहिला मुद्दा पाण्याची नासाडी. दुसरा स्लॅबवरचं वजन. टाकी, खडक, स्टँड धरून तीनेकशे किलो होतात, म्हणून अभियंत्याचा दाखला जोडा म्हणे. वरच्या मजल्यावर वास्तुशांतीला त्याच आकाराच्या खोलीत चाळीस माणसं फुगड्या घालत होती तेव्हा दाखला कोणी मागितला नव्हता. तिसरा मुद्दा वाचून मी तिथेच उभा राहिलो: 'सदर सदनिकेतील टाकीच्या पाण्यात तज्ज्ञ सभासदांना नायट्राइट आढळले असून ते पाणी पिण्यास अयोग्य आहे.'

समुद्राचं पाणी! कोळंबी सडवलेलं!

आणि हे नायट्राइट ज्या किटने आढळलं ते किट माझं. काकांनी त्याच किटने आधी नळाचं पाणी तपासलं, मग वरच्या टाकीचं, मग वॉचमनच्या माठाचं, आणि सगळीकडे शून्य आल्यावर विजयी मुद्रेने माझ्या टाकीकडे वळले. बाटलीत आता तळाशी थोडे थेंब उरलेत. किट परदेशातून मागवावं लागतं, स्वस्त नाही. त्याचे पैसे सोसायटीकडून कसे मिळतील हे मी दुपारी खजिनदारांना विचारायला गेलो. ते म्हणाले, अर्ज द्या, तीन प्रतींत. तज्ज्ञ सभासदांची सही घेऊन.