खुलासा : ‘ती’ टॅरंटुला परदेशी नाही

‘नॅशनल पार्कात दक्षिण अमेरिकेची टॅरंटुला सापडली, केस उडवून आंधळं करते’ असा फोटोसकट मेसेज बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. फोटो मोठा करून बघा. या मोठ्या केसाळ कोळ्याने पुढचे पाय उगारलेत, त्यांची खालची बाजू लिंबासारखी पिवळीधमक. पोटाखाली फिकट आडवा पट्टा. ही आपलीच पोएसिलोथेरिया रेगॅलिस, ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ मध्ये वर्णन केलेली. पोएसिलोथेरिया या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) जेमतेम पंधराएक जाती, त्याही फक्त भारत-श्रीलंकेतल्या. केस उडवणाऱ्या टॅरंटुला अमेरिकेकडच्या, हिच्याकडे ते हत्यारच नाही. चावली तर मात्र भयंकर दुखतं, पेटके येतात. २०१९पासून या अख्ख्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियंत्रण आहे, तेव्हा ‘पाळायला मिळेल का’ विचारणाऱ्यांनीही जरा थांबावं.