"हेलियमचे पैसे घेऊन साधी हवा भरली" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, एक स्टार दिलात ते वाचलं, बाळाच्या बर्थडेला सकाळी सगळे फुगे फरशीवर बघून राग येणारच. पण हवा भरली म्हणताय ते मात्र मान्य नाही. तुम्ही लिहिलंय की पडलेला फुगा किचनच्या काट्यावर ठेवला तर ३ ग्रॅम दाखवलं, हेलियम असता तर काहीच दाखवलं नसतं. अहो ते ३ ग्रॅम रबराचे, बारा इंची फुग्याचं नुसतं रबरच तेवढं भरतं आणि तुम्ही वजन केलं सकाळी, तोपर्यंत गॅस निघून गेलेला.

आमच्याकडे काउंटरवर ज्वेलरीवाला काटा आहे, त्यावर ५० ग्रॅमचं वजन ठेवून त्याला ताजा फुगा बांधला की काटा ३९ च्या आसपास येतो म्हणजे फुगा ११ ग्रॅम वर ओढतोय. अर्धी हवा मिसळली असती तर ४५-४६ दाखवलं असतं, चोरी तिथेच पकडली जाते. नुसत्या हवेचा फुगा ठेवला तर जेमतेम रबराचंच वजन येतं, आतली १४ लिटर हवा खरं तर १७ ग्रॅमची पण ती हवेतच आहे ना, विहिरीत घागर पाण्यात असेपर्यंत जड लागत नाही तसंच. एकदा गंमत म्हणून सोडा मशीनच्या सिलेंडरमधला कार्बन डायऑक्साइड भरला, काटा १२ वर गेला आणि फुगा सोडला की दगडासारखा खाली.

दुसरा मुद्दा, "सिलेंडर दोन माणसांनी उचलत होते, हलका गॅस असता तर एवढा जड कसा". ताई ते लोखंड जड असतं. सात क्यूबिक मीटरच्या सिलेंडरमध्ये हेलियम सव्वा किलोसुद्धा नसतो, पण भरलेला सिलेंडर रिकाम्यापेक्षा जडच भरणार, हलका असला तरी वजन आहेच त्याला. आणि स्वस्तातला हायड्रोजन आम्ही भरत नाही, तो हेलियमच्या निम्म्या वजनाचा असला तरी फुग्याला उचल जेमतेम आठ टक्के जास्त देतो आणि मेणबत्तीजवळ गेला तर भडका, लहान मुलांच्या कार्यक्रमात नकोच.

आता आमची चूक. साधा रबरी फुगा १२ ते २४ तास तरंगतो, हेलियमचे कण इतके बारीक की रबरातून निसटतात, त्यात तुमच्याकडे रात्रभर पंखा नि उकाडा. तुम्ही आदल्या संध्याकाळी ६ ला घेतले आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी, हे काउंटरवरच्या पोराने विचारायला हवं होतं, त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सकाळी या म्हटलं असतं किंवा फॉइलचे दिले असते, ते कितीतरी जास्त टिकतात, महाग आहेत हे खरं.

त्यामुळे सगळे पैसे परत नाही पण पुढच्या कार्यक्रमाला तेवढेच फुगे फुकट भरून देतो, प्रत्येक फुगा तुमच्यासमोर काट्यावर दाखवून. दुपारी २ ते ४ सोडून कधीही या, पोराला घेऊन आलात तर कार्बन डायऑक्साइडवाला पण दाखवू.

ता.क. काटा आमचाच आहे म्हणून शंका असेल तर तुमचा किचनवाला आणा, ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर चालतो.