बारा ग्रॅमचा बिबट्या

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जाऊन बिबट्या न पाहिलेला माणूस मी कालही होतो, आजही आहे. फरक इतकाच, की आता घरात मी एकटाच तसा उरलोय.

जोहान्सबर्गहून पाच तास गाडी हाकून प्रिटोरियसकोपच्या कॅम्पात उतरलो होतो. सकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही कॉफी आणा, तोवर आम्ही पेट्रोल भरून एक चक्कर मारतो."

कप घेऊन परतताना वाटेत एक गोरे आजोबा उभे. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या डोक्यामागे वर कुठंतरी बघत पुटपुटले, "हलू नका."

मी होतो तसा थिजलो. उजवी टाच हवेत, ऊन ऊन कॉफी अंगठ्यावर. बिबट्या झाडावर बसतो, एवढं ज्ञान मला होतं. मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोललो.

"जवळ आहे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"अगदी."

"मोठा आहे?"

आजोबा विचारात पडले. "त्याच्या जातीच्या मानाने बरा आहे."

"एकटाच?"

"छे, जोडी आहे!" त्यांचा चेहरा उजळला. नारळ दोन झाले.

तेवढ्यात डोक्यावरून तीन शिट्ट्या आल्या, एकेक पायरी उतरत जाणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात हार्मोनियमवर बोट अडकलेल्या पोरासारख्या. बिबट्या शिट्टी वाजवत नाही, हे मला जरा उशिरानेच सुचलं.

"चिनस्पॉट बॅटिस," आजोबा म्हणाले, घरच्या जावयाची ओळख करून द्यावी तसे. वजन बारा ग्रॅमच्या आसपास. आमच्या डब्यातला लाडू याच्या तिप्पट भरेल. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत मात्र नाव विटलीसबॉसबाँट्रॉकी, रोमन लिपीत मोजून वीस अक्षरं! पाखरू फांदीवर मावतं, नाव मावत नाही.

"नर कुठला, सांगा," आजोबांनी तोंडी परीक्षा घेतली. एकाच्या छातीवर काळा पट्टा. दुसऱ्याच्या छातीवर विटकरी पट्टा, शिवाय हनुवटीवर तसाच टिळा. डोळे दोघांचेही पिवळे, रागीट. आपल्याकडे मोर काय, कोंबडा काय, नटायचं काम नराचंच. मी ठामपणे टिळेवाल्याकडे बोट दाखवलं.

"ती मादी." आजोबांनी माझ्याकडे नापास झालेल्या नातवाकडे बघावं तसं बघितलं. हनुवटीचा ठिपका फक्त बाईला आणि नाव अख्ख्या जातीला त्यावरूनच! नवरा बिचारा ती अंड्यांवर बसली की किडे आणून भरवतो. हे ऐकवायला बायको हवी होती. ती चक्कर मारायला गेली होती.

मग घरटं दाखवलं. म्हणजे फांदीवरची एक गाठ दाखवली. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली वाटी, वरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले; मला शेवटपर्यंत ती गाठच दिसली. मी "वा" म्हटलं. चाळीस मिनिटं झाली होती, कॉफीचं सरबत झालं होतं. अनोळखी माणसाला नुसतं "हलू नका" म्हणून उभं करणं कुठल्या सभ्यतेत बसतं? आधी "पक्षी" म्हणायला काय जातं?

गाडी आली. तिघंही एकदम बोलत होते. बिबट्या मारुलाच्या झाडावर, पाय लोंबकळत, वीस मिनिटं. व्हिडिओत मेहुण्याचाच आवाज जास्त आहे.

मी काढलेला त्या जोडीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आईचं लगेच उत्तर आलं, "झाड छान आहे. कसलं आहे?"