चाल एक, नावं अनेक: उचलेगिरीच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या लुईझियानाच्या केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या, वादकांनी एकमेकांच्या चाली उचलल्या, वर नवी नावं चिकटवली आणि मी त्या उचलेगिरीला 'परंपरा' म्हणून पाठीशी घालतेय. आक्षेप कडक आहे, पण तो चुकीच्या माणसांवर घेतलाय.

तुम्ही 'जोली ब्लाँद' या केजन गाण्याचं उदाहरण दिलंय, तेच घेऊ. १९२९ साली आमेदे ब्रो, त्याची बहीण क्लेओमा आणि भाऊ ओफी यांनी ही चाल ध्वनिमुद्रित केली, तेव्हा नाव होतं 'मा ब्लाँद ए पार्ती'. १९३५ साली लिओ स्वालोने तीच 'गेडॉनचा वॉल्ट्झ' म्हणून वाजवली. गेडॉन हे तिथलं एक गाव. पुढच्याच वर्षी हॅकबेरी रॅम्बलर्सनी तिला 'जोली ब्लाँद' म्हटलं.

यात लपवाछपवी कुठे आहे? नाचाच्या रात्री वादकाला एवढंच ठरवायचं असे, आता तीन ठोक्यांच्या नाचाचा वॉल्ट्झ की दोन ठोक्यांचा टू-स्टेप. शब्द बरेचदा ऐनवेळी जुळवले जात. नाव हवं असे ते तबकडी कंपनीला, लेबलवर छापायला. मग कुठे गावाचं नाव पडे, कुठे गाण्याची पहिली ओळ. शिवाय तो दहा बटणांचा अकॉर्डियन! भाता दाबला की एक स्वर, ओढला की दुसरा, आणि सगळे एकाच पट्टीत बसवलेले. त्यातून निघालेल्या चाली चुलत भावंडांसारख्या दिसणारच.

ब्रो भावंडांची तबकडी आणि फिडलवादक हॅरी चोट्सची १९४६ ची लागोपाठ ऐका. पहिलीत अकॉर्डियन आणि वरच्या पट्टीत ताणून लावलेला, रडवेला आवाज. दुसरीत अकॉर्डियन नाहीच. फिडल, म्हणजे व्हायोलिन, मींड घेत पुढे येतं आणि मागे टेक्सासच्या स्विंग या नाचाच्या संगीताचा डौल. चाल तीच, पण चोट्सने ती आपली करून घेतलीय. याला मी चोरी म्हणणार नाही.

अन्याय झालाच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. आमेदे आर्द्वाँ हा क्रिओल, म्हणजे लुईझियानाचा फ्रेंच बोलणारा कृष्णवर्णीय, वादक १९४२ साली पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारला. त्याचा 'यूनिस टू-स्टेप' आज कित्येक जण 'जोली कातँ' म्हणून वाजवतात, त्याचं नावही न घेता. हे मला खरंच लागतं. आणि १९५२ साली अमेरिकी कंट्री गायक हँक विल्यम्सचं 'जांबालाया' हे गाणं गाजलं, ते 'ग्राँ टेक्सास' या केजन गाण्याच्या चालीवर. लेबलवर श्रेय मात्र एकट्या विल्यम्सचं. मोठी कंपनी, मोठा बाजार, आणि मूळ वादकांचा उल्लेखही नाही.

उचलेगिरी हा शब्द त्या लेबलसाठी वापरा, मी तुमच्या बाजूने बोलेन. नाचणाऱ्यांसाठी रात्रभर वाजवणाऱ्या माणसांना तो लावू नका.