लग्नाची कॅसेट मोबाईलने शूट करू नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायला पैसे घालवू नका. व्हीसीआर टीव्हीला जोडा, मोबाईलने शूट करा, एआयने फोर-के करा आणि कॅसेट टाकून द्या. घाईही नाही, कपाटातल्या कॅसेटला काही होत नाही.’ यावर विश्वास ठेवला तर नुकसान भरून येणारं नाही, म्हणून लिहितेय.

आधी ‘घाई नाही’ हेच घेऊ. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. दमट हवेत तिला धरून ठेवणारा थर खराब होतो, टेप चिकट होते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यामागून पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. शिवाय चालू व्हीसीआर मिळणंच कठीण झालंय. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते बनवणं थांबवलं.

आता मोबाईल. आपल्याकडच्या कॅसेट ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या: सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे ५० झलका. मोबाईल सहसा ३०च्या वेगाने टिपतो. मेळ बसत नाही, चित्र लुकलुकतं, आडवे पट्टे सरकतात. जुना टीव्ही चित्राच्या कडाही कापतो. पण मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते आवाजाचं. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटवर बहुतेक वेळ सिनेमाची गाणी चढवलेली असायची. माणसांचे खरे आवाज मधूनच, काही क्षण ऐकू येतात. आजोबांचं तेवढं एक वाक्य पंख्याच्या घरघरीत आणि कुकरच्या शिट्टीत घालवायचं?

व्हीसीआरची पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची; त्या कॅप्चर कार्डाला, म्हणजे व्हिडिओ संगणकात उतरवणाऱ्या छोट्या उपकरणाला जोडून थेट संगणकात घ्या. टेप धडधाकट असेल तर स्वस्त कार्डही चालतं, फक्त सेटिंग पालचं ठेवा. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही-पद्धतीची असणार, तिला दोन्ही पद्धती वाजवणारा व्हीसीआर लागतो. झिजलेल्या टेपचा सिग्नल डळमळतो. स्वस्त कार्ड मग मधली चित्रं (फ्रेम) गाळतं आणि मंगलाष्टकं एकीकडे, ओठ दुसरीकडे. तो सिग्नल स्थिर करायला टाइम बेस करेक्टर लागतो. तो ज्याच्याकडे आहे, त्याला पैसे देणं म्हणजे पैसे घालवणं नव्हे.

एआयबद्दल थोडक्यात. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या घरगुती कॅसेटमध्ये, आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा. त्यापुढचं सगळं एआय अंदाजाने रंगवतं, आणि आजीच्या चेहऱ्यावर भलतेच डोळे येतात. हौस असेल तर करा, पण मूळ फाईलला हात लावू नका.

आणि कॅसेट टाकू नका. हार्ड डिस्क बंद पडते. शिवाय पुढे कधी चांगलं यंत्र हाती आलं तर पुन्हा उतरवायला मूळ टेपच लागेल. कोरड्या जागी उभी ठेवा. पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी आजच तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जाणार नाही.